ग्रामसभेत ठराव मांडण्याआधी वस्तीवर चर्चा बंधनकारक असावी का?

तेरणाकाठ

रामराम मंडळी,

ग्रामसभेच्या नोटिशीची शेवटची ओळ सगळीकडं सारखीच असते: 'ऐनवेळी येणारे विषय मा. अध्यक्षांच्या परवानगीने'. गावाच्या पाण्याचा, गायरानाचा, पैशाचा निकाल लावणारे कितीतरी ठराव याच ओळीतून आत शिरतात. नोटीस वाचून 'आपल्या कामाचं काही नाही' म्हणून रानात गेलेल्या माणसाला दुसऱ्या दिवशी कळतं, की काल गावानं काहीतरी एकमतानं ठरवलं आणि त्या एकमतात तोही धरलेला आहे.

माझं म्हणणं असं, की सगळ्या गावाला पाळावा लागेल असा कुठलाही ठराव ग्रामसभेपुढं यायच्या आधी वस्तीवस्तीवर बोलला गेला पाहिजे. ज्याला वाटलं त्यानं करावं, असं नको; बंधनकारकच पाहिजे. २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत आम्ही काही जण हा विषय ठेवणार आहोत, म्हणून तो आधी इथं मांडतोय.

हे डोक्यात का बसलं ते सांगतो. आमचं गाव धाराशिव जिल्ह्यातलं, नाव मुद्दाम लिहीत नाही. गायरानावर समतल चर खोदले, रोपं लावली आणि चराईबंदीचा ठराव झाला. मांडणाऱ्यांचा हेतू चांगलाच होता. पण त्यांची जनावरं दावणीला आणि कडब्याच्या गंजी दारात. ज्यांना शेत नाही आणि घरात चार शेळ्या आहेत, त्यांच्यातलं सभेत कुणीच नव्हतं, कारण सभा सकाळी अकराला आणि ही मंडळी त्या वेळी खुरपणीला. पावसाळा सरेस्तोवर निम्म्या रोपांचे शेंडे खाल्लेले. राखणदार ठेवला, त्याच्याशी भांडणं झाली, एक प्रकरण पोलीस ठाण्यापर्यंत गेलं.

पुढच्या वर्षी तोच विषय जेवणं उरकल्यावर मारुतीच्या पारावर, समाजमंदिरापुढं आणि तांड्यावर असा फिरवला. तांड्यावर एका आजीनं विचारलं, "बंदी कुठून कुठवर? ह्या वढ्याच्या अल्याडचं बी बंद का?" कुणालाच सांगता येईना. ठरावात नुसतं 'गायरान' लिहिलेलं, हद्द कुठंच नाही. मग सकाळी सगळ्यांनी मिळून शिवारफेरी केली, चुन्याची फक्की मारली. ओढ्याच्या अलीकडचा पट्टा शेळ्यांना मोकळा राहिला. पलीकडं तीन पावसाळे चराई बंद, पण दिवाळीनंतर घरटी एका माणसानं गवत कापून न्यायला हरकत नाही, असं ठरलं. आता तिथं राखणदार नाही. कुणाची शेळी पलीकडं गेली तर तांड्यावरचीच पोरं हाकलून आणतात.

नियम पाळायचा ज्यांनी, त्यांनाच विचारलं नाही तर त्याची अडचण कुठं आहे ते कळत नाही. ग्रामसभेच्या दोन तासांत ते कळणं अवघड आहे. तिथं माइक असतो, पुढारी असतात, मागच्या निवडणुकीचे हिशेब असतात. तांड्यावरची आजी तिथं उठून बोलली नसती.

तुमच्याकडं काय अनुभव आहे? कुठं अशी पद्धत असेल तर सविस्तर लिहा.

प्रोसिडिंग_बुक

मी ग्रामसेवक म्हणून निवृत्त झालो. आता या पदाला ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात. विषय महत्त्वाचा आहे, म्हणून कायद्याची बाजू आधी मांडतो.

महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम १९५८ च्या कलम ७ प्रमाणं वर्षाला किमान चार ग्रामसभा घ्याव्या लागतात. सर्वसाधारणपणे २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या तारखा धरतात. गणपूर्ती मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यातली जी संख्या कमी असेल ती. म्हणजे तीन हजार मतदारांच्या गावात शंभर माणसं बसली की सभा कायदेशीर. तेवढीही जमली नाहीत तर सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही. तेरणाकाठ यांनी लिहिलेलं 'एकमत' बऱ्याचदा त्या तहकूब सभेतलं असतं.

पूर्वचर्चेची सोय कायद्यात अजिबात नाही असं मात्र नाही. प्रत्येक नियमित ग्रामसभेआधी महिलांची सभा घ्यायचीच आहे. 'आमचं गाव आमचा विकास' आराखड्याच्या कामातही ग्रामसभेआधी महिला सभा, बालसभा घ्यायला सांगितलं आहे. अडचण अंमलबजावणीची आहे. महिला सभेचं रजिस्टर शिपायाच्या हाती घरोघर फिरवून सह्या-अंगठे घेतलेले मी पाहिलेत. त्या रजिस्टरात सभा होती, गावात नव्हती.

म्हणून माझी काळजी एवढीच, की आणखी एक बैठक बंधनकारक केली तर आणखी एक रजिस्टर तयार होईल. बैठकीची नोंद ग्रामपंचायतीच्या माणसानं लिहिण्यापेक्षा त्या वस्तीवरच्याच शिकलेल्या मुलानं-मुलीनं लिहावी, तिथंच मोठ्यानं वाचून दाखवावी आणि मग सह्या घ्याव्यात. एवढं पाळलं तर मी तुमच्या बाजूनं आहे.

माळरान

दादा, तुमचं सगळं पटतं, पण वेळ कुठून आणायचा? आम्ही लातूरकर आहोत. २०१६ च्या एप्रिलात आमच्या शहराला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. त्याआधी पाण्याच्या टाक्यांवर जमावबंदी लावायची पाळी आली होती. असल्या वेळी कुणी म्हणलं की थांबा, आधी चार वस्त्यांवर बैठका होऊ द्या, तर लोक काय म्हणतील? टँकर कुठं उभा राहणार, विहीर कुणाची अधिग्रहित करायची, हे त्याच दिवशी ठरवावं लागतं. चर्चा बंधनकारक केली की ज्याला काम अडवायचंय त्याच्या हाती आयतं कारण येतं: "आमच्या गल्लीत बैठकच झाली नाही." एका माणसासाठी अख्ख्या गावाचं काम थांबायचं.

वेशीपल्याड

माझं म्हणणं थोडक्यात. आमच्या वस्तीच्या स्मशानभूमीला रस्ता नाही. पावसाळ्यात मयत चिखलातून न्यावं लागतं. हा विषय जेव्हा जेव्हा मांडला, तेव्हा उत्तर मिळालं, "आधी बसून बोलू, मग ठरावात घेऊ." ते बसणं अजून झालेलं नाही.

पूर्वचर्चेची अट लावली तर सगळ्यात आधी ती आमच्यावरच लागेल. रस्ता ज्याच्या बांधावरून जाणार तो म्हणणार, माझ्याशी बोलले नाहीत. ग्रामसभा ही निदान एक जागा आहे, जिथं आमचा माणूस उठून बोलला तर कुणाला आवडो न आवडो, लिहून घ्यावं लागतं. त्या दाराबाहेर आणखी एक दार नको.

गोदाकाठची

वेशीपल्याड दादांनी लिहिलं त्याच्याशी पूर्ण सहमत, आणि बायकांच्या बाजूनं थोडं जास्त लिहिते. मी परभणी जिल्ह्यातली, बचत गटांचं काम करते.

दारूबंदीचं उदाहरण घ्या. गावातलं दुकान बंद करायचं तर आधी २५ टक्के महिला मतदारांनी लेखी मागणी करायची, सह्यांची पडताळणी व्हायची, मग गुप्त मतदान. त्यात झालेल्या मतदानाच्या निम्मी मतं पुरत नाहीत. गावातल्या एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून जास्त बायकांनी आडव्या बाटलीवर, म्हणजे बंदीच्या चिन्हावर, शिक्का मारावा लागतो. जी ऊसतोडीला गेली, जी बाळंतपणाला माहेरी गेली, तिची गैरहजेरी दुकानदाराच्या पथ्यावर पडते.

आता बघा, सह्या गोळा करणं ही पूर्वचर्चाच की. तिनं आमचं नुकसानही केलं आणि भलंही केलं. कागद फिरायला लागला त्याच्या दुसऱ्या दिवसापासून घराघरात माणसं येऊन बसली. "वहिनी, तुमचं नाव कशाला त्या कागदावर?" कुणाच्या नवऱ्याची उधारी काढली, कुणाला सोयाबीनच्या काढणीला मजूर मिळणार नाहीत असं सांगितलं. काही जणींनी सह्या मागं घेतल्या. जेवढा काळ विषय गावात फिरतो, तेवढा काळ दाब टाकणाऱ्यालाही मिळतो, हे पुरुष मंडळींच्या ध्यानात येत नाही, कारण त्यांच्यावर तसा दाब क्वचितच येतो.

पण त्याच फेऱ्यांमध्ये, संध्याकाळी भाकरी थापता थापता, बायका पहिल्यांदा एकमेकींशी मोकळं बोलल्या. कुणाचा पोरगा प्यायला लागला, कुणाचं मंगळसूत्र मोडलं, हे सगळं तिथं बाहेर आलं. ते झालं नसतं तर मतदानाच्या दिवशी एवढ्या जणी घराबाहेर पडल्या नसत्या. माझ्या मते ती चर्चा कुठं होते आणि तिथं कोण बसतं, यावर सगळं आहे. बायकांची बैठक पारावर ठेवली तर ती बायकांची राहत नाही. आमच्याकडं अजून कितीतरी बाया पारासमोरून जाताना पदर पुढं ओढतात. अंगणवाडीत ठेवा, पुरुष सदस्यांनी यायचं नाही, आणि सरपंच बाई असतील तर त्यांच्या नवऱ्यानं तर अजिबात यायचं नाही.

औसा_मोड

चर्चा आधी केली आणि नाही केली तर काय फरक पडतो, हे पाहायला आपल्या भागात दुसरीकडं जायची गरज नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेच्या भूकंपानंतर लातूर-धाराशिव पट्ट्यातली ५२ गावं उठवून नव्या जागी बसवली. घाई होती, उघड्यावर संसार होते, पैसा देणाऱ्या संस्था दारात उभ्या होत्या. घरं पक्की झाली यात वाद नाही. पण नव्या गावठाणांत फिरून पाहा. सरळ रेषेत आखलेले रुंद रस्ते, एकसारखी घरं. जुन्या गावातली बोळं, भिंतीला भिंत लागलेले वाडे, ओसरीवरचं बसणं गेलं. जनावरं कुठं बांधायची, कडबा कुठं रचायचा, बलुतेदाराच्या कामाला जागा कुठली, हे नकाशावर फारसं नव्हतंच. लोकांनी नंतर पत्रे ठोकून, भिंती वाढवून आपापली सोय केली.

त्याच पुनर्वसनात दुसरंही एक काम झालं. ज्या गावांत घरं पडली नव्हती, फक्त तडे गेले होते, तिथं जागेवरच दुरुस्ती आणि मजबुतीकरण करायचं होतं. त्यासाठी सरकारनं 'स्वयं शिक्षण प्रयोग' या संस्थेच्या मदतीनं गावोगावच्या महिला मंडळांतून संवाद सहायक नेमल्या. त्या बाया घरोघर जायच्या, पैसा कोणत्या हप्त्यात येणार, भिंतीत काय घालायचं, गवंड्याकडून काय करून घ्यायचं, हे समजावून सांगायच्या आणि लोकांच्या अडचणी वर पोचवायच्या. माझ्या आईला सिमेंटचं गणित त्यांच्यामुळं कळलं. गवंडी वाळू जास्त घालायला लागला की ती ओट्यावरून हाक मारायची.

माळरान भाऊ, घाई तर त्या वेळी तुमच्या-माझ्या कल्पनेपलीकडची होती. तरीही विचारण्याची व्यवस्था उभी करता आली.

जालना_मोसंबी

आमच्याकडचं कडवंची सगळ्यांनी ऐकलंय, शेततळ्यांचं आणि द्राक्षांचं गाव. लोक तिथं शेततळी मोजायला जातात, पण त्याआधीचं कुणी विचारत नाही. खरपुडीच्या कृषी विज्ञान केंद्राच्या मदतीनं इंडो-जर्मन पाणलोट कार्यक्रमातून तिथं काम झालं. त्या कार्यक्रमाची रीतच अशी, की गावानं आधी श्रमदान करून दाखवायचं, चराईबंदी, कुऱ्हाडबंदी मान्य करायची, आणि मगच मोठं काम मंजूर व्हायचं. माथ्यापासून पायथ्यापर्यंत प्रत्येक शेतकऱ्याच्या बांधावर जाऊन, त्याला काय पाहिजे ते विचारून आराखडा करायचा. वेळ लागतो. पण बांधाला बांध जुळवून काम करायचं असेल तर मधला एक जण 'नाही' म्हणला की वरचं पाणी त्याच्या शेतात जाऊन बसतं, म्हणून त्याला आधी विचारल्याशिवाय गत्यंतरच नसतं.

तीन कृषी कायद्यांचं आठवा. जून २०२० मध्ये अध्यादेश, सप्टेंबरमध्ये संसदेत मंजूर, आणि २०२१ च्या नोव्हेंबरात मागं. कायदे बरे की वाईट, यात मी इथं शिरत नाही. पण कायद्याचा मसुदा किमान ३० दिवस लोकांपुढं ठेवावा, हे केंद्र सरकारचंच २०१४ चं धोरण आहे. ते पाळणं सक्तीचं नाही, म्हणून बाजूला ठेवता येतं. तेरणाकाठ बंधनकारक म्हणतात ते त्यासाठी मला योग्य वाटतं.

माळरान

कडवंचीला काही वर्षं मिळाली. टँकरला दोन दिवस मिळतात. माझा प्रश्न तिथंच आहे.

प्रोसिडिंग_बुक

माळरान, टँकर आणि विहीर अधिग्रहण हे तहसील पातळीवरचं टंचाईचं काम आहे. त्यासाठी गावाच्या नव्या नियमाची वाट पाहावी लागत नाही. गावानं ठरवायचं असतं ते वेगळं: पिण्याच्या विहिरीजवळ बोअर पाडू द्यायचं का, उन्हाळी पीक किती घ्यायचं, पाणी दिवसाआड सोडायचं की रोज. पिण्याच्या सार्वजनिक स्रोतापासून ५०० मीटरच्या आत विहीर-बोअर घेण्यावर १९९३ च्या भूजल कायद्यापासून निर्बंध आहे. तरी बोअरची गाडी रात्री येते आणि सकाळी निघून जाते. कायदा असून हे चालतं, कारण शेजाऱ्यानं गाडी अडवावी एवढं ते शेजाऱ्याला पटलेलं नसतं. यावर बोलायची वेळ एप्रिल नाही. ऑक्टोबरात विहिरींची पातळी कळते, पैसेवारीचा अंदाज येतो, रब्बी पेरायचा असतो, तेव्हा बसलं तर उन्हाळ्याचं ठरवता येतं.

पैनगंगा

किनवटकडून लिहितोय. आमच्या तालुक्यातला काही भाग अनुसूचित क्षेत्रात आहे, तिथं पेसा, म्हणजे आदिवासी भागातल्या ग्रामसभांना जास्त अधिकार देणारा कायदा, लागू आहे. राज्याच्या २०१४ च्या पेसा नियमांनुसार एखाद्या पाड्याला, वस्तीला स्वतंत्र गाव म्हणून जाहीर होता येतं आणि तिची स्वतःची ग्रामसभा असते. तिथं हा प्रश्नच वेगळा होतो. पन्नास-साठ घरांची सभा असेल तर तीच चर्चा आणि तीच सभा. तुमच्याकडं पाच वाड्या, दोन तांडे आणि गावठाण मिळून एक ग्रामपंचायत आहे, म्हणून आधीची चर्चा लागते. मला तर वाटतं, सभेचा आकार हेच मूळ दुखणं आहे.

तेरणाकाठ

सगळ्यांचं वाचलं. वेशीपल्याड आणि गोदाकाठची ताई यांच्या हरकती मला सगळ्यात मोलाच्या वाटतात, कारण त्या अशा लोकांच्या आहेत ज्यांच्यासाठी हा खटाटोप आहे. त्यामुळं मसुद्यात एक भेद स्पष्ट लिहितोय.

कुणी हक्काचं काही मागत असेल, म्हणजे रस्ता, पाणी, दिवा, रेशन, घरकुल, स्मशानभूमी, किंवा कुणाची तक्रार असेल, तर त्याला पूर्वचर्चेची अट अजिबात नाही. ग्रामसभेत उभं राहावं, मांडावं, त्याच दिवशी नोंद व्हावी. अट लागेल ती दुसऱ्यांवर बंधन घालणाऱ्या नियमाला आणि गावाचा पैसा कुठं घालायचा या ठरावाला. चराईबंदी, पाणीपट्टी वाढवणं, पाण्याच्या पाळ्या, गायरानाचा वापर, दंड, वित्त आयोगाच्या निधीतली कामं. पंधराव्या वित्त आयोगाचा ६० टक्के निधी पाणी आणि स्वच्छतेसाठीच बांधलेला होता, पण त्यातूनही नळ आधी कोणत्या गल्लीला, हे गावच ठरवत होतं, आणि भांडण तिथंच होत होतं. ज्याच्या हाती ठराव करून घ्यायची ताकद आहे, त्यानंच आधी वस्तीवर जायचं. ज्याच्या हाती नाही, त्याला कुठंही जायला लावायचं नाही.

दुसरं, चर्चा म्हणजे परवानगी नव्हे. एखाद्या गल्लीनं विरोध केला तरी विषय ग्रामसभेत येणारच. फक्त तो विरोध त्यांच्याच शब्दांत सभेपुढं वाचला जाईल. बैठकीला कुणी आलंच नाही तर तेवढी नोंद करून पुढं जायचं. माळरान भाऊंची अडवणुकीची भीती यानं बरीच कमी होईल असं मला वाटतं.

'ऐनवेळी येणारे विषय' मधून असा नियम करता येणार नाही, हे कलम मी काहीही झालं तरी सोडणार नाही.

गोदाकाठची

दारूबंदीचं काय करणार मग? तोही दुसऱ्यावर बंधन घालणारा नियमच आहे.

तेरणाकाठ

ताई, त्याची प्रक्रिया शासनानं आधीच ठरवून दिली आहे, तिच्यावर आणखी ओझं घालायचं नाही. तसं स्पष्ट लिहितो. महिला सभेनं एखादा विषय ठरवून पाठवला असेल तर तीच त्याची पूर्वचर्चा धरायची, पुन्हा पुरुषांच्या बैठकीतून फिरवायचा नाही, हेही लिहितो.

गोदाकाठची

हे ठीक आहे. पण महिला सभा खरोखर झाली पाहिजे. अंगणवाडी, दुपारी तीन, आणि रजिस्टर आमच्या हातात. एवढं लिहा, मग आमच्या गावातही मांडू.

प्रोसिडिंग_बुक

आता कामाचं सांगतो. तुमचा विषय ऐनवेळच्या विषयांत टाकू नका. नोटीस निघायच्या आधी लेखी अर्ज द्या, मसुदा सोबत जोडा आणि आवक क्रमांकाची पोच घ्या. नोटीस सभेच्या सात दिवस आधी निघते, म्हणजे अर्ज सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यातच गेला पाहिजे. पूर्वचर्चेची अशी अट कायद्यात नाही, त्यामुळं 'नियम' म्हणण्यापेक्षा 'ग्रामसभा स्वतःसाठी अशी कार्यपद्धती ठरवत आहे' असं लिहा. सूचक एका वस्तीचा आणि अनुमोदक दुसऱ्या वस्तीचा घ्या. विरोधात किती हात वर झाले तेही इतिवृत्तात लिहायला लावा. सभा संपल्यावर इतिवृत्त तिथंच वाचून घ्या. नंतर लिहितो म्हणणाऱ्याला नम्रपणे पण ठाम नाही म्हणा.

माळरान

टंचाईच्या कामांना हे लागू नाही, ही ओळ टाकली तर माझी हरकत नाही. आमच्याकडं उन्हाळ्यातल्या पाळ्यांवरून दरवर्षी डोकी फुटतात. पाळ्यांचं दिवाळीआधी गल्लीवार बसून ठरवायला मी स्वतः पुढाकार घेईन. मसुदा झाला की पाठवा.

वेशीपल्याड

मागणीला अट नाही हे लिहिताय, तर मी सोबत आहे. अनुमोदक आमच्या वस्तीतून देतो. पहिली बैठक आमच्या समाजमंदिरात ठेवा. सोयाबीनची काढणी सुरू झालेली असेल, म्हणून रात्री आठनंतर. आणि मसुदा मोठ्या अक्षरांत छापून आणा, तिथं एकच बल्ब आहे.